लेफ्टीविरुद्धची हरकत

मी ज्या खेळाडूचा चाहता होतो त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता नाही, आणि मीही ते इथे सांगणार नाही. त्याची कीर्ती खाडीच्या पुलापाशी सुरू व्हायची आणि पेट्रोल पंपापाशी संपायची. पंपापलीकडच्या गावांचा हिरो वेगळा होता. तो उजवा होता आणि आमच्या मते बॉल टाकायचा नाही, फेकायचा. आमचा डावखुरा. अलिबागच्या आसपास टेनिस बॉलवर खेळणाऱ्या दर डावखुऱ्याला लेफ्टी म्हणतात, तसं त्यालाही म्हणायचे. पुढे पुढे त्याची आईसुद्धा म्हणायला लागली.

भात कापून झालं की आमच्याकडे शेतांची मैदानं होतात. बांध फोडून सपाट करायचे, मधल्या पट्ट्यावर लाल माती टाकून रोलर फिरवायचा, चुन्याने सीमारेषा आखायची. सामना सहा षटकांचा. ट्रॉफी मात्र विजेत्या कर्णधाराच्या खांद्याला लागेल एवढी. ती घरी नेल्यावर बायका विचारतात की ही धुवायची कशी.

लेफ्टीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा असेल. मी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. ड्युटी संपवून परत येताना खाडीकाठच्या मैदानापाशी स्कूटर थांबवली, ती केवळ लघवीला. तेवढ्यात ह्या पोराने बॉल असा काही मारला की तो थेट खाडीत. शिल्लक असलेला तो शेवटचा बॉल होता. भरती होती. दोन्ही संघ, पंच आणि प्रेक्षक तासभर ओहोटीची वाट पाहत बसले. कोणी घरी गेलं नाही. मीही नाही. पाणी उतरल्यावर बॉल चिखलात सापडला, तो पुसून पुढे टाकला, आणि ह्याने तो परत खाडीत मारला. त्या दिवशी मी रात्रीच्या जेवणाला तीन तास उशिरा पोचलो आणि पुढची बारा वर्षं थोड्याफार फरकाने तसाच पोचत राहिलो.

तो आमच्याच गावचा निघाला. म्हणजे आमच्या गावात मामाकडे वाढलेला. बाप लवकर गेला, चुलत्यांनी आईला नीट वागवलं नाही, म्हणून ती मुलाला घेऊन माहेरी आली. मामाने भाच्याला पोसलं, शिकवलं, पहिली बॅट आणून दिली आणि मग त्या बॅटच्या नावाने रोज शिव्या घातल्या. मामाचं घर माझ्या घरापासून चौथं. तो पांढऱ्या कांद्याचं पीक घ्यायचा आणि स्वभावाने त्याच्या कांद्यापेक्षा तिखट होता.

बारा वर्षांत मी लेफ्टीचा एकही महत्त्वाचा सामना चुकवला नाही. किहीमपासून बोर्ली पंचतनपर्यंत स्कूटरने गेलो. निवृत्त झाल्यावर तर मोकळाच होतो. त्याने कुठे किती धावा केल्या, कुणाला मारल्या, कसा आउट झाला, सगळं पाठ. एकदा बायको सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "ह्यांना आमच्या लग्नाची तारीख विचारा." मला आठवेना. मग ती म्हणाली, "आता त्या पोराने हॅटट्रिक कधी घेतली ते विचारा." मी तिथीसकट सांगितली. लोक हसले. ती हसली नाही.

लेफ्टीत एकच दोष होता आणि तो त्याचा नव्हता. आमच्या स्पर्धांमध्ये पाहुणे आले की खेळ थांबतो. चालू षटकात पुढाऱ्याची गाडी आली की निवेदक माइकवरून ओरडतो, खेळाडू रांगेत उभे राहतात, हस्तांदोलन होतं. चांगल्या खेळणाऱ्याला शाल आणि नारळ मिळतो. लेफ्टी चांगला खेळायचा, त्यामुळे ते सगळं त्याच्याच वाट्याला यायचं, आणि नंतरच्या पहिल्याच बॉलवर तो आउट व्हायचा. मी मोजलेलं नाही, पण त्याच्या घरात नारळ कधी विकत आणला गेला नसावा.

आता मूळ विषय. आमच्याकडे 'एक गाव एक संघ' अशा स्पर्धा असतात. बाहेरचे खेळाडू आणायचे नाहीत, गावचेच खेळवायचे. सामन्याआधी आधार कार्डं तपासतात. देवळात चप्पल काढावी इतक्या सहजपणे पोरं खिशातून आधार काढतात. कोणावर शंका असेल तर दुसरा कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो, सोबत पुरावा जोडून. रेशन कार्डावर नाव दुसऱ्या गावात निघालं तर तो खेळाडू बाद. आणि तो मैदानात उतरलेला असेल तर त्याचा संघही बाद.

लेफ्टी तिशीला टेकला होता तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी तो कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, आधारवरचा पत्ता बदलायचाय. फॉर्म भरून द्याल?" माझं अक्षर चांगलं. मी भरून दिला. नवा पत्ता त्याच्या वडिलांच्या गावचा होता. मला वाटलं, जमिनीचं काही काम असेल. कागदांत मामाचं रेशन कार्ड होतं, त्यावर ह्याचं नाव. मी झेरॉक्सवाल्याकडून सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढल्या. एक त्याला, एक त्याला न सांगता माझ्या फाइलला. नोकरीतली सवय, दुसरं काही नाही.

महिन्याने एका स्पर्धेच्या जाहिरातीची रिक्षा गावातून फिरली. तिच्या भोंग्यावरून मला कळलं की आमचा लेफ्टी आता वडिलांच्या गावाकडून खेळणार आहे.

खरं कारण मला नंतर कळलं. चुलत्यांनी निरोप धाडला होता. गावाला संघ हवा होता आणि संघाला लेफ्टी. तो खेळला तर बापाच्या जागेवर त्याला आणि आईला घर बांधू देणार होते. एवढी वर्षं ज्यांनी बाईला दारात उभं केलं नाही ते आता षटकारांसाठी तिला सून म्हणायला तयार होते. आईला हवं होतं. नवऱ्याच्या गावात आपली चूल असावी, एवढंच. लेफ्टीने ते मान्य केलं. मामाला राग आला. त्याने नाक्यावर, भर लोकांत सांगितलं की बघतो हा तिकडून कसा खेळतो ते.

चुलत्यांचा निरोप, घराचा सौदा, मला ह्यातलं काही तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की बारा वर्षं ज्याच्या मागे उन्हात फिरलो त्याने मला सांगितलंसुद्धा नाही. वर माझ्याच हाताने, माझ्याच सुंदर अक्षरात, जाण्याचा फॉर्म भरून घेतला. नवऱ्याला सोडून जाणाऱ्या बाईने बॅग भरायला नवऱ्याचीच मदत घ्यावी, तसं.

मी हरकत लिहिली. बसस्टँडवर तीस वर्षं तक्रार पुस्तिका वाचल्या होत्या, त्यामुळे तक्रारीची भाषा मला अंगाईसारखी येत होती. 'उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की', वगैरे. खाली सही 'एक क्रीडाप्रेमी'. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करून घेतली आणि रेशन कार्डाची ती झेरॉक्स जोडून आयोजकांना पाठवली.

माझा हिशेब असा की अर्ज आधीच तपासला जाईल, लेफ्टीला सांगतील, बाबा रे, तुझं नाव तिकडे आहे, तू तिकडूनच खेळ, आणि तो परत येईल. मी आमच्या कर्णधाराला तिसऱ्या नंबरची जागा रिकामी ठेवायलाही सांगून ठेवलं होतं. तीस वर्षं नियमाने वागलेल्या माणसाचा हा मूर्खपणा. आयोजक गावाचाही संघ त्या स्पर्धेत होता, हे मी लक्षातच घेतलं नाही. अशी चिठ्ठी हाती आल्यावर कोण ती पहिल्या दिवशी फोडेल? त्यांनी ती खिशात ठेवली. लेफ्टीला चार सामने खेळू दिलं. अंतिम सामना त्यांच्याच संघाशी आला तेव्हा आधी त्यांनी बॅटिंग केली आणि मग त्याला बॅटिंगला येऊ दिलं. त्याने पहिल्या दोन बॉलवर दोन षटकार मारले. नवी मुंबईच्या एका मोठ्या संघाचा मालक त्याला बघायला मुद्दाम आला होता, तो खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होता. मीही वाजवत होतो. चार सामने काही झालं नाही म्हणजे हरकत कचऱ्यात गेली, असं धरून मी सुटकेचा श्वास सोडला होता.

तिसऱ्या बॉलआधी निवेदकाने खेळ थांबवला आणि माझा अर्ज माइकवरून वाचला. पूर्ण. 'नम्रपणे'सकट. लोकांना त्याने सांगितलंसुद्धा की भाषा बघा, किती शुद्ध आहे.

संघ बाद झाला. लेफ्टी बॅट घेऊन सीमारेषेपर्यंत आला, तिथे त्याचा धाकटा चुलता उभा होता. तो म्हणाला, "टी-शर्ट काढ. आमच्या गावाचं नाव आहे त्याच्यावर." लेफ्टीने काढला. हजार-बाराशे माणसांसमोर तो बनियनवर बाहेर चालत आला. नवी मुंबईचा मालक गाडीत बसला होता. मी पुढे झालो, माझ्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं, आणि स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "रेशन कार्ड फक्त मामाकडे असतं."

मी गाडी चालवत होतो. मला बोलायला अर्धा तास होता. मी गिअर बदलले.

त्याच आठवड्यात त्याने आईला घेऊन मामाचं घर सोडलं. वडिलांच्या गावचं घर तर आता विसरायचंच होतं. किहीमला भाड्याची खोली घेतली, मांडव्याच्या जेटीवर बोटींचे दोर बांधायच्या कामाला लागला. कागदांचा घोळ असलेला खेळाडू म्हणून पुढे दोन वर्षं त्याला कोणी घेतलं नाही, आणि तिशीनंतरची दोन वर्षं म्हणजे टेनिस बॉलवाल्याचं आयुष्यच. मग छोट्या स्पर्धांत इकडून तिकडून खेळायचा. मी जायचो. त्याचं लग्न झालं, मामाला बोलावणं नव्हतं. त्याची आई भावाकडे दहा भाऊबिजा आली नाही. मामा दर भाऊबिजेला दुपारपर्यंत ओटीवर बसायचा आणि मग कोणावर तरी ओरडायचा.

लेफ्टी माझ्याकडे मात्र यायचा. महिन्यातून एकदा तरी. माझ्या ओटीवर, चौथ्या घराकडे पाठ करून बसायचा, मामाला शिव्या घालायचा, चहा प्यायचा. मी म्हणायचो, जाऊ दे रे. एवढा समजूतदार माणूस पंचक्रोशीत नव्हता.

हे असंच चाललं असतं. पण ह्या वर्षी आमच्या गावाने चाळिशीपुढच्यांची स्पर्धा ठरवली. ती हल्ली सगळीकडे भरतात. पोटं पुढे, गुडघ्याला पट्टे, दोन धावा पळाल्यावर पाणी. लेफ्टीला नुकतीच चाळीस पूर्ण झाली होती आणि त्याचं नाव अजूनही मामाच्याच रेशन कार्डावर होतं. त्याने ते कधी काढून घेतलं नव्हतं. म्हणजे कागदोपत्री तो आमचाच. मंडळाच्या पोरांना तो हवा होता. त्यांनी मला सांगितलं, तुमचं दोन्हीकडे जमतं, मामाकडून रेशन कार्डाची झेरॉक्स आणा.

झेरॉक्स माझ्या फाइलमध्येच होती. कपाट उघडून ती त्यांच्या हातात देणं एवढंच काम. मी कपाट उघडलं, झेरॉक्स पाहिली, आणि दुपारी दोन वाजता मामाच्या घरी गेलो.

मामा अंगणात कांद्याच्या वेण्या बांधत होता. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. फॉर्म, दुसरी प्रत, अर्ज, सगळं. तो वेणी बांधतच राहिला. मग म्हणाला, "तरी म्हनलं, मी दिली न्हाय, मंग घरातून गेली कशी. कंट्रोलर, धा वरसं मी हिच्यावर डूख धरून हाय."

ही म्हणजे मामी. ती दारात कधी येऊन उभी राहिली होती आम्हाला कळलं नाही. ती म्हणाली, "आनी मी समजत व्हते हेंनीच दिली."

दहा वर्षं नवरा-बायको एका भांड्यातलं मासळीचं तिखलं वाढून घेत होते आणि दोघांनीही एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं. मामाने वेणी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघून हसायला लागला. ते हसू काही चांगलं नव्हतं. मामी हसली नाही. आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा आणला, माझ्यापुढे ठेवला.

"पी," ती म्हणाली. "तुला चा दिला न्हाय असं नको व्हायला. मंग परत ह्या घरात येऊ नको. आनी पोराला तूच सांगशील. गावालाबी सांगशील. आमी न्हाय सांगत फिरनार."

चहात साखर होती. मी पूर्ण प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मांडव्याला गेलो. लेफ्टी जेटीवर उभा होता, नारिंगी जॅकेटमध्ये. कमरेभोवती थोडा सुटला आहे, पण दोर झेलतो तो अजूनही डाव्याच हाताने. मला बघून म्हणाला, "काका, एवढ्या उन्हात कशाला आलात? फोन करायचा." मी म्हणालो, "ती हरकत तुझ्या मामाने घेतली नव्हती." पुढचं बोलणार तेवढ्यात गेटवेहून बोट लागली. तो दोर घ्यायला गेला. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, एक कुत्रा उतरला, मग जाणारे चढले. पंधरा मिनिटं मी कठड्याला धरून उभा. तो परत आला तेव्हा घामाने भिजला होता.

"मग कोणी?"

"मी."

त्याने दोराचं टोक हातात धरलं होतं, ते गुंडाळायला लागला. "का?"

मी रात्रभर उत्तर तयार केलं होतं. त्यात बारा वर्षं होती, माझं प्रेम होतं, आयोजकांचा लबाडपणा होता. तोंडातून आलं ते एवढंच, "तू मला सांगितलं नाहीस म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने दोराचा शेवटचा वेढा घातला. मग म्हणाला, "त्या दिवशी बाहेर आल्यावर पाणी तुम्हीच दिलं होतं ना?"

"हो."

"आणि तुमच्याच ओटीवर बसून मी मामाला शिव्या घालायचो. तुमचाच चहा पिऊन." त्याने दोर खुंट्याजवळ ठेवला. "काका, माझ्या मॅचला येत जाऊ नका."

आवाज चढवला नाही. जेटीवर लोकांना पिवळ्या पट्ट्याच्या मागे राहा म्हणून सांगतो, त्याच सुरात. मी म्हणालो, बरं. त्याने मला रिक्षापर्यंत सोडलं नाही, पण रिक्षावाल्याला लांबूनच हात करून सांगितलं की म्हाताऱ्याकडून जास्त घेऊ नको.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही घरी उशिरा यायचात ते ह्या असल्या कामाला." अजून ती ह्यावर पूर्ण बोललेली नाही. बोलेल. मामीने गावाला सांगायला सांगितलं होतं, म्हणून हे लिहिलं. मंडळाच्या पोरांना वाचायला दिलं तर त्यांनी विचारलं, काका, 'नम्रपणे' वगैरे खरंच तसं लिहिलं होतं का. हो, तसंच.

स्पर्धा मागच्या रविवारी झाली. मैदान माझ्या घरापासून पाचशे पावलांवर. मी गेलो नाही. मोबाइलवर लाइव्ह लावलं. आता सहा षटकांच्या सामन्यालाही कॅमेरा असतो. घोटाळा असा की मोबाइलवरचं चित्र अर्धा मिनिट मागे असतं आणि मैदानाचा भोंगा मात्र खिडकीतून थेट ऐकू येतो. त्यामुळे मला आधी कळायचं आणि मग दिसायचं.

लेफ्टी तिसऱ्या नंबरला आला. पहिला बॉल सोडला, दुसऱ्यावर चौकार. मग पाहुणे आले. भोंग्यावरून त्यांची नावं, पदं, शुभेच्छा. कॅमेरावाल्याने तेवढ्यात कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवला. सीमारेषेवर प्लास्टिकच्या तीन खुर्च्या. एकीवर मामा, एकीवर मामी, आणि मधल्या खुर्चीवर लेफ्टीची आई, डोक्यावर पदर, हातात कोणीतरी दिलेला नारळ. मामा तिला काहीतरी समजावून सांगत होता, हात करून, बहुधा चुकीचं. तो क्रिकेटबद्दल कायम चुकीचं सांगतो. ती मान हलवत होती.

तेवढ्यात खिडकीतून ओरड ऐकू आली. आउट. भोंग्यावर निवेदक सांगत होता की डावखुरा फलंदाज शाल घेऊन परततोय. बायकोने आतून विचारलं, "काय झालं?"

मोबाइलवर तो अजून मैदानात उभा होता, शाल पंचाच्या हातात देत होता, बॅट आपटून जमीन बघत होता. मी म्हणालो, "अजून खेळतोय."